बाकावरील ‘कै.’बाबत

प्रति,
मा. मालमत्ता अधिकारी साहेब,
समाजमंदिर व खोलीवाटप कक्ष,
विभागीय कार्यालय, पिंपरी.

अर्जदार : रंगराव मारुती खटके, अध्यक्ष, हातभार सेवा क्लब, संत तुकाराम नगर, पिंपरी. वय पंचाहत्तर पूर्ण. सेवानिवृत्त स्टोअरकीपर. हयात.

विषय : क्लबच्या खोलीबाहेरील बाकावर अर्जदाराच्या नावाआधी लागलेले ‘कै.’ आणि त्यावरून खोली परत घेण्याची निघालेली नोटीस, याबाबत.

संदर्भ : आपल्या कक्षाची नोटीस. ती अर्जदाराच्या डोळ्यांदेखत खोलीच्या दारावर चिकटवण्यात आली. चिकटवणारा इसम अर्जदाराला “आजोबा, जरा बाजूला होता का,” असे म्हणाला.

महोदय,

अर्ज करण्यास कारण की, अर्जदार मयत झालेला नाही.

एरवी एवढ्या एका वाक्यावर हा अर्ज संपला असता. परंतु या प्रकरणात कोणी काय केले, कोणाच्या सांगण्यावरून केले आणि आतून कोण कोणाला सामील आहे, हे आपल्यासमोर यावे म्हणून सविस्तर लिहिणे भाग पडत आहे. अर्जदाराचा कोणावरही आरोप नाही. संशय मात्र सर्वांवर आहे.

१. हातभार सेवा क्लब हा कोट-टाय घालून हॉटेलात जेवणाऱ्यांचा क्लब नव्हे. बाहेरगावाहून कंपन्यांत कामाला आलेल्या आणि याच वसाहतीत म्हाताऱ्या झालेल्या लोकांनी तो काढला. दिवाळीत आळंदी रस्त्यावरच्या एका वृद्धाश्रमाला फराळ, शाळा सुरू होताना मूकबधिर मुलांना दप्तरे, वर्षातून एक रक्तदान शिबिर, अशी कामे क्लब करतो. पण क्लबचे खरे काम रुग्णसाहित्याचे. घरात कोणी अंथरुणाला खिळले की वॉकर, व्हीलचेअर, डोक्याची बाजू वर करता येणारी लोखंडी खाट, हवेची गादी, कमोडची खुर्ची, जे लागेल ते क्लब वापरायला देतो आणि काम झाले की परत घेतो. हे सामान ठेवायला आपल्या कक्षाने क्लबला एक खोली दिलेली आहे. ती खोली गेली तर एवढ्या खाटा आणि खुर्च्या मांडायला वसाहतीत कोणाच्याही घरात जागा नाही. त्या दिवशी क्लब बंद पडेल, आणि दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी घरात म्हातारे माणूस जमिनीवर निजलेले असेल. हे अर्जदार सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

२. सामान देताना अनामत म्हणून पैसे घेण्यास अर्जदाराचा पहिल्यापासून विरोध होता. पैसे भरले की माणूस ती वस्तू आपलीच समजतो. अर्जदाराने भोसरीच्या एका कंपनीत उभी हयात स्टोअर सांभाळले. तिथे कामगाराला पाना हवा असेल तर त्याने आपला पितळी बिल्ला स्टोअरच्या खिळ्याला अडकवायचा, आणि पाना परत केला की बिल्ला काढून न्यायचा. बिल्ल्याशिवाय गेटबाहेर सोडत नसत, त्यामुळे पाने बिनबोभाट परत येत. हीच पद्धत अर्जदाराने क्लबमध्ये लागू केली. लोकांकडे बिल्ला नाही, म्हणून त्यांनी घरातली अशी एक वस्तू आणून द्यायची, की जिच्यावाचून घरात अडेल. कोणी कुकरचे झाकण दिले, कोणी टीव्हीचा रिमोट, कोणी स्कूटरची किल्ली, तर कोणी मिक्सरचे भांडे. या सगळ्या वस्तू खोलीच्या भिंतीवर खिळ्यांना ओळीने टांगलेल्या असत.

शिवाय सामान देताना अर्जदार पेशंटबद्दल चार प्रश्न विचारी आणि परत घेताना त्याच्या दुप्पट. खुर्चीचा पाय वाकडा कसा झाला, वॉकरचे रबर कुठे गेले, गादीला भोक पडले की पाडले, हे विचारण्यात अर्जदाराला काही गैर वाटत नसे. इतका बंदोबस्त असूनही सामान परत येईनासे झाले. लोकांनी बाजारातून नवी झाकणे आणली, पण खोलीची पायरी चढले नाहीत. त्यावरून माणसे मुळातच लबाड असतात असे अर्जदाराचे मत बनले आणि ते तो क्लबच्या प्रत्येक सभेत मांडत आला.

३. गेल्या पावसाळ्यात अर्जदाराचा गुडघा बदलला. घरचा जिना चढवेना म्हणून अर्जदार सहकुटुंब मुलाच्या चाकणच्या फ्लॅटवर राहायला गेला, कारण तिथे लिफ्ट आहे. वॉकर क्लबचाच नेला. नियम सर्वांना सारखा, म्हणून पत्नी सौ. सुमनताई यांनी त्याबदली अर्जदाराचा ट्रान्झिस्टर भिंतीवर टांगला. खोलीची किल्ली क्लबचे सेक्रेटरी श्री. निरंजन वाघचौरे यांच्याकडे देण्यात आली. हे गृहस्थ आकुर्डीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला आहेत, चाळिशीचे आहेत आणि बोलायला फार गोड आहेत. इतक्या गोड माणसावर लक्ष ठेवावे लागते, हा अर्जदाराचा स्टोअरमधला अनुभव आहे.

अर्जदाराला पंचाहत्तर पूर्ण झाली म्हणून या काळात क्लबने खोलीसमोर फूटपाथवर सिमेंटचा बाक बसवला. त्याच्या पाठीवर ‘हातभार सेवा क्लबचे अध्यक्ष श्री. रंगराव मारुती खटके यांच्या सन्मानार्थ’ असे लिहायचे ठरले होते. अर्जदार परतला तो दिवाळीच्या तोंडावर. रिक्षातून उतरला, दमला होता म्हणून त्याच बाकावर टेकला. सौ. सुमनताईंनी तोंडाला पदर लावला तेव्हा अर्जदाराला वाटले, नवऱ्याचा एवढा मान पाहून हिला भरून आले. त्या रडत नसून हसत होत्या, हे मागाहून उघड झाले. अर्जदाराने मान वळवून पाहिले. पाठीमागे ठसठशीत, सुबक, निळ्या अक्षरांत लिहिलेले होते : ‘कै. रंगराव मारुती खटके यांच्या स्मरणार्थ’.

४. अर्जदाराने पेंटर गणराज याला बोलावून जाब विचारला. हा मूळचा मावळातला. त्याचे म्हणणे त्याच्याच शब्दांत देत आहे, म्हणजे पुढे फिरवाफिरव नको. “कागदात सन्मानार्थ व्हतं, व्हय. पर मी म्हनलं लिवनाऱ्याची चूक झाली आसंल. बाकावर कुनाचा सन्मान करत्यात व्हय? बाक म्हंजी स्मरणार्थच आसतंय. आन स्मरणार्थ म्हनल्यावं म्होरं श्री. कसं ऱ्हाईल? म्हनून त्येबी नीट करून दिलं. त्याचं जादा काय घ्येतलं न्हाई.” एकूण त्याने क्लबची अक्कल झाकली आणि वर उपकार केले, असा त्याचा सूर होता.

ही हकीकत ऐकताना पटते. नेमके हेच अर्जदाराला संशयास्पद वाटते. खोटे बोलणारा माणूस नेहमी पटेल असेच बोलतो. तेवढे ‘कै.’ खरवडून ‘श्री.’ कर, असे सांगितल्यावर गणराज म्हणाला की बाक सरकारी फूटपाथवर आहे, साहेबांच्या सहीच्या कागदाशिवाय आपण त्याला हात लावणार नाही. लिहिताना त्याला हा नियम आठवला नव्हता.

श्री. निरंजन यांना हे आधीपासून माहीत होते. त्यांनी बाक पाहिला होता, त्याला हळदीकुंकूही वाहिले होते. अर्जदाराला कळवले का नाही, असे विचारता ते म्हणाले, “काका, नुकतंच ऑपरेशन झालेलं. त्यात तुम्ही गेलात असं तुम्हालाच कुठं कळवू?” येथे नमूद करावेसे वाटते की क्लबची निवडणूक मार्चमध्ये आहे आणि अर्जदाराच्या पश्चात अध्यक्षपदासाठी पहिले नाव श्री. निरंजन यांचेच येते.

५. त्या बाकाचा फोटो कोणीतरी वसाहतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. अर्जदार पावसाळ्यापासून कोणाला दिसला नव्हता, त्यामुळे कोणाला शंका आली नाही. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागली. त्यात क्लबचे वॉकर दाबून बसलेले काही जण आघाडीवर होते. अर्जदार चाकणला असताना फोन मुलाच्या कपाटात बंद होता, त्यामुळे हे सर्व त्याने आल्यावर एका बैठकीत वाचले. त्याने ताबडतोब ‘मी जिवंत आहे’ असे ग्रुपवर टाकले. मयताच्या फोनचा कोणीतरी गैरवापर करीत आहे म्हणून अर्जदाराला ग्रुपमधून काढून टाकण्यात आले. फराळ मिळाल्याचे वृद्धाश्रमाचे आभाराचे पत्र आले, त्यात फराळाआधी सर्वांनी उभे राहून अर्जदारासाठी शांतता पाळल्याचे कळवले आहे. ज्यांना उभे राहता येत नाही त्यांनी बसून पाळली.

त्यानंतर आपली नोटीस आली. खोली ज्यांच्या नावे दिली ते अध्यक्ष मयत झाल्याचे स्थळपाहणीत दिसून आले, सबब खोली परत का घेऊ नये याचा खुलासा करावा, असा तिचा आशय आहे. स्थळपाहणी करणारे गृहस्थ बाकावर विश्वास ठेवतात, आणि बाकावर बसलेल्या माणसाला काही विचारत नाहीत, हे नवल आहे. त्यांना ही बातमी कोणी पुरवली? त्यात कक्षातील कोणाचे नाव घेण्याची अर्जदाराची इच्छा नाही. त्याला ते अद्याप माहीत झालेले नाही.

६. खुलासा लिहिण्यापूर्वी मालाची तपासणी करावी म्हणून अर्जदाराने खोली उघडून घेतली, आणि प्रकरणाला वेगळेच वळण लागले. माल जास्त भरला. स्टोअरमध्ये माल कमी भरणे ही रोजची रड असते. जास्त भरला की तिथे नक्की काहीतरी शिजते आहे. वर्षानुवर्षे गायब असलेल्या खाटा एकीवर एक उभ्या होत्या. वॉकरना नवी रबरे होती. एका खाटेला तर कोणी हिरवा रंग दिला होता, आणि क्लबने आयुष्यात कधी हिरवा रंग आणलेला नाही. उलट भिंतीवरचे खिळे मात्र बरेच मोकळे झाले होते. झाकणे गेलेली, रिमोट गेलेले, किल्ल्या गेलेल्या.

अर्जदाराला प्रथम वाटले, कुठल्या तरी इस्पितळातून उचललेला माल इथे लपवला जात आहे. मग त्याने प्रत्येक खाट उलटी करून पाहिली. प्रत्येकीच्या खाली अर्जदाराने स्वतः ठोकलेला क्लबचा शिक्का होता. तेव्हा संशय श्री. निरंजन यांच्यावर गेला. मतांसाठी माणूस काय करणार नाही? दारोदार जाऊन, लोकांचे पाय धरून सामान गोळा केले असेल आणि म्हाताऱ्याला जमले नाही ते आपण करून दाखवले, असे सभेत सांगायचा बेत असेल. विचारले तर ते म्हणाले, “मी कुठं गेलोच नाही, काका. मी फक्त दार उघडं ठेवलं.” सौ. सुमनताईंना विचारले तर त्या म्हणाल्या, “लोकं आपणहून आणून देतायत, घ्या की मुकाट्यानं.” आत्ताच का आणून देतायत, असे विचारल्यावर त्यांनी एकदा खिडकीतून बाकाकडे पाहिले आणि चहा टाकायला आत गेल्या. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांनी प्रश्नाचे उत्तर टाळले की पाणी मुरते, हे अर्जदार जाणून आहे.

७. तेव्हा अर्जदाराने स्वतःच पाळत ठेवायचे ठरवले. कानटोपी, तोंडाला मास्क, अंगात मुलाचे कंपनीचे जॅकेट, अशा वेषात तो खोलीच्या कोपऱ्यात चाकांना तेल घालीत बसू लागला. श्री. निरंजन यांनी त्याची ओळख “नवीन माणूस आहे” अशी करून द्यायची, असे ठरले. ते लगेच कबूल झाले, हेही अर्जदाराने लक्षात ठेवले आहे.

लोक येऊ लागले. एक गृहस्थ टेम्पोतून खाट घेऊन आले. त्यांच्या वडिलांना तिची गरज संपून कित्येक वर्षे झाली होती. ते श्री. निरंजन यांना म्हणाले, “खटकेसाहेब असते तर आणली नसती राव. एक नट हरवला होता. त्या नटापायी इतकी वर्षं बेडरूममध्ये हे धूड घेऊन झोपतोय. बायको रोज शिव्या घालायची, मला नाही, खटक्यांना.” अर्जदाराच्या तोंडून अनवधानाने निघून गेले, “नट कितीचा होता?” त्यावर ते गृहस्थ दचकून म्हणाले, “हे पण त्यांच्यासारखंच बोलतात की!” अर्जदाराने खाली मान घालून चाकाला तेल घातले. त्या चाकाला आधीच भरपूर तेल होते.

एक बाई कुकरचे झाकण न्यायला आल्या. तो कुकर केव्हाच मोडीत गेला होता, तरी झाकण त्यांनी पोटाशी धरले. जाताना म्हणाल्या, “वाईट झालं हो. माणूस कडू होता, पण गादीचं पंक्चर स्वतः बसून काढून द्यायचा. माझ्या सासूबाईंना पाठीला जखम झाली नाही ती त्या गादीमुळं.” पहिल्या गृहस्थाच्या बोलण्याचा अर्जदाराला राग आला, हे तो कबूल करतो. या बाईंच्या बोलण्याने काय झाले, ते या अर्जात लिहिण्याचे प्रयोजन नाही. मास्क दुपारी बदलावा लागला एवढेच.

एकूण प्रकार अर्जदाराच्या ध्यानात आला तो असा, की लोक सामान दाबून बसले नव्हते. ते अर्जदाराला टाळून बसले होते. तो गेला म्हटल्यावर त्यांचा मार्ग मोकळा झाला. यावर अर्जदाराचा सहजासहजी विश्वास बसला नसता. परंतु पुढील प्रसंग घडला.

८. केसरबाई नावाच्या वृद्ध बाई रेल्वेलाईनजवळच्या वस्तीतून कमोडची खुर्ची घेऊन आल्या. खुर्ची घासूनपुसून जुन्या लुगड्यात बांधलेली होती आणि ती त्यांनी डोक्यावरून आणली होती. अर्जदाराने त्यांना लगेच ओळखले. त्यांचे यजमान साहेबराव फाउंड्रीत कामाला होते आणि जयंतीला गायन पार्टीत गात. ते अंथरुणाला खिळले तेव्हा बाई ही खुर्ची न्यायला आल्या होत्या. जिच्यावाचून घरात अडेल अशी वस्तू आणा, असे अर्जदाराने बजावले, तर त्यांनी खंजिरी आणली. बाई आपल्याला खुळ्यात काढते आहे असे अर्जदाराला वाटले होते. खंजिरीवाचून कोणाचे अडते? त्याने कुकरचे झाकण मागितले. त्या म्हणाल्या होत्या, “कुकर न्हाई आमच्यात. ह्यांचं हिच्याबिगर अडतं.” तेव्हा नाइलाजाने त्याने ती खिळ्याला टांगली होती.

यावेळी श्री. निरंजन बाहेर गेले होते, म्हणून खुर्ची अर्जदारालाच उतरवून घ्यावी लागली. बाईंनी ओळखले नाही. त्या पायरीवर बसल्या आणि कोणी न विचारता बोलू लागल्या. “ते गेले, भाऊ. लई दिस झाले. शेवटाला वाचा गेलती. नुसता हात हालवायचे असा, खंजिरी मागायचे. म्या म्हनलं, खंजिरी आनायची तर खुर्ची द्यावी लागंल, आन खुर्ची दिली तर तुमी बसनार कशावर? मंग ताटली दिली हातात. ती वाजवली त्यांनी. दोन दिस वाजवली. यिऊन इचारावं आसं मनात यायचं, पर त्या सायबाम्होरं यायचा धीर न्हाई झाला. त्यानं धा सवाल केले आस्ते, आन मला रडू आलं आस्तं.”

महोदय, खंजिरी खिळ्यावरून काढताना तिची घुंगरे वाजली. अर्जदाराने खुर्चीचे पाय तपासले नाहीत, रबरे पाहिली नाहीत, ठरलेल्या प्रश्नांपैकी एकही विचारला नाही. त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले होते, आणि हा शब्दप्रयोग तो सध्याच्या परिस्थितीत पूर्ण विचार करून करीत आहे. बाईंनी खंजिरी पदराने पुसली, एकदाच बोट मारून कानाशी धरली, आणि उठताना दाराबाहेरच्या बाकाकडे पाहून म्हणाल्या, “आता तेबी गेले म्हनं. त्यांच्या घरच्यालाबी लई जड गेलं आसंल. कुठं ऱ्हाती त्यांची बाई? जरा जवळ बसून यिते.” जिच्या नवऱ्याच्या हाती शेवटी खंजिरीऐवजी ताटली आली, ती बाई अर्जदाराच्या बायकोचे सांत्वन करायला निघाली होती. घरी सौ. सुमनताई ठसठशीत कुंकू लावून शेंगदाणे भाजत होत्या. त्या गावाला गेल्या आहेत, असे अर्जदाराने सांगितले. स्टोअरमध्ये बसून तो आयुष्यात पहिल्यांदाच खोटे बोलला.

९. वरील सर्व हकीकत लक्षात घेऊन अर्जदाराची विनंती पुढीलप्रमाणे आहे. हा अर्ज लिहायला घेतला तेव्हा ती वेगळी होती, त्यामुळे मजकुरात आणि मागणीत कुठे मेळ बसत नसेल तर तो दोष अर्जदाराचा समजावा.

आपल्या कक्षाच्या कागदोपत्री अर्जदारास तातडीने जिवंत करण्यात यावे, नोटीस रद्द व्हावी आणि खोली क्लबकडेच राहावी. पुरावा म्हणून अर्जदार हा अर्ज घेऊन स्वतः हजर झाला आहे. साहेबांना चिमटा काढून खात्री करायची असल्यास त्याची हरकत नाही.

बाकावरील ‘कै.’ मात्र तूर्त काढू नये. भिंतीवर अजून काही झाकणे, दोन रिमोट, एक किल्ली आणि एक खलबत्त्यातला बत्ता टांगलेला आहे. त्यांच्या मालकांपर्यंत अर्जदाराच्या निधनाची बातमी पोहोचलेली दिसत नाही. ती पोहोचायला वेळ द्यावा. आज ‘श्री.’ केले तर ही माणसे पुन्हा घरात खाटा लपवून बसतील, आणि त्यातल्या एखाद्या घरातून कोणी काय मागत गेले, हे कोणालाच कळणार नाही. शेवटचा खिळा मोकळा होईपर्यंत अर्जदार कैलासवासी राहण्यास तयार आहे. याची कोणतीही नुकसानभरपाई तो मागणार नाही.

श्री. निरंजन वाघचौरे यांची चौकशी व्हावी असे पहिल्या कच्च्या मजकुरात होते. ते वगळले आहे. तथापि, ‘कै.’ पाहूनही त्यांनी ते मुद्दाम राहू दिले आणि यात सौ. सुमनताई त्यांना सामील होत्या, असा अर्जदाराचा दाट संशय आहे. कारवाई नको. फक्त हा संशय कुठेतरी नोंदलेला असावा. मार्चच्या निवडणुकीत अर्जदार उभा राहणार नाही. मयत व्यक्तीला तसेही उभे राहता येत नाही, असे श्री. निरंजन यांनी हसत सांगितले, त्याचाही योग्य तो अर्थ अर्जदाराने घेतला आहे.

यापुढे क्लबमध्ये सामान देताना कोणाचीही वस्तू भिंतीवर टांगली जाणार नाही. काल एका अनोळखी माणसाला व्हीलचेअर अशीच दिली. नाव तेवढे विचारले. तो गेल्यापासून अर्जदार दोनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन पाहून आला. माणसे इतकी चांगली असतील यावर त्याचा अजून पुरता विश्वास नाही, परंतु तो प्रयत्न करीत आहे.

साहेबांनी सहानुभूतीने विचार करावा, आणि निर्णय कळवताना पाकिटावर नाव न घालता ‘सेक्रेटरी, हातभार सेवा क्लब’ एवढेच लिहावे.

आपला नम्र व हयात,
(सही)
रंगराव मारुती खटके
संत तुकाराम नगर, पिंपरी
दिनांक : १७ फेब्रुवारी २०२५

सोबत :
१) बँकेने दिलेला अर्जदाराच्या हयातीचा दाखला.
२) बाकाचा फोटो. त्यावर बसलेला इसम अर्जदार आहे.
३) वृद्धाश्रमाचे पत्र. वाचून परत मिळावे, अर्जदाराला ते जपून ठेवायचे आहे.
४) अर्जदाराने नेलेला वॉकर अद्याप परत केलेला नाही, सबब त्याचा ट्रान्झिस्टर भिंतीवरच आहे, याबद्दलचा लेखी खुलासा.

ता. क. : खोलीच्या पाहणीसाठी साहेबांनी कधीही यावे, अर्जदार कोपऱ्यात चाकांना तेल घालताना दिसेल. फक्त आल्यावर त्याला नावाने हाक मारू नये. बाहेर बाकावर लोक सामान घेऊन बसलेले असतात. ‘आजोबा’ म्हटले तरी चालेल.